ब्रेकमधली हवा

"गेणबा, दाब!"

जुन्या फियाटखाली उताणा पडून ऋषिराज ओरडला. वर ब्रेकचं पेडल दाबलं गेलं.

"धर... धर... सोडू नको!"

पेडल दाबलेलं असतानाच त्याने निपल, म्हणजे हवा काढायची बारकी तोटी, पान्याने ढिलं केलं. मागच्या चाकाच्या त्या निपलमधून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे भसाभसा बाहेर आले. ऋषिराज भलताच खूश झाला. "शाब्बास रं म्हाताऱ्या! आज पोटभर जेवलायस वाटतं. रोज नुसतं मेल्यागत दाबतोस."

"म्हातारी म्हणा हवं तर," वरून आवाज आला, "पण मेल्यागत नका म्हणू."

तो असा दचकला, की कपाळ टणकन गाडीच्या बुडाला आपटलं. सरपटत बाहेर आला तेव्हा अर्ध्या तोंडाला ब्रेकचं तेल आणि अर्ध्या तोंडाला माती. स्टिअरिंगमागे एक मुलगी बसली होती. केसांतून पाणी निथळतंय, ओढणी खांद्याला चिकटलेली, पाय अजून पेडलवर! बाहेर श्रावणाची सर कोसळत होती, आणि शेडच्या तोंडाशी एक स्कूटी भिजत उभी होती.

"सॉरी हं... पाऊस आला म्हणून आत शिरले. तुम्ही 'दाब' म्हणालात आणि गाडीत तर कुणीच नव्हतं. म्हटलं, माणूस एवढा जीव तोडून ओरडतोय..."

"पण गेणबा कुठं गेला?"

"ते आजोबा? ते गोठ्याकडे गेले. मला म्हणाले, 'बसा तुमी, मी आलोच.'"

गेणबा म्हणजे ऋषिराजच्या घरचा जुना गडी. तो काही आला नाही. पाऊस थांबेपर्यंत चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून झाली, आणि पोरीचं नाव स्वरूपा हेही कळलं. मोरगावच्या शाळेत बाई होती. तिथंच खोली करून राहायची. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की स्कूटीवरून भवानीनगरला आईवडलांकडे जायची. आणि ऋषिराजचं गाव कऱ्हाटी पडतं वाटेवर.

आता ऋषिराजचं सांगायचं तर, घरी ऊस, चार गाई, आणि डोक्यात ही फियाट. दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या भंगारवाल्याकडून आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. गाव हसलं. "ऊस सोडून पोराला हे काय खूळ लागलं?" पण पठ्ठ्याने इंजिन खोललं, पत्रा ठोकला, पुण्याच्या जुन्या बाजारातून एकेक सामान हुडकून आणलं. सगळं एकट्याने. एकच काम एकट्याला जमत नाही, ते म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं. त्याला एक माणूस खाली लागतो आणि एक वर पेडलवर.

पुढच्या शनिवारी स्कूटी दिसताच तो रस्त्यावर आला. "मॅडम, थोडी हवा राहिलीय वाटतं... दहा मिनटं वेळ हाय का?"

त्या दिवशी खरंच राहिली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र राहिली नव्हती. ती ऋषिराजने शुक्रवारी संध्याकाळी, निपल ढिलं करून, दोनदा पेडल मारून, स्वतःच्या हाताने आत घेतली होती! दोन वर्षं रक्त आटवून उभी केलेली गाडी, आणि हा बाबा दर शुक्रवारी ती बिघडवू लागला. वर पुन्हा फडक्याने सगळं तेल पुसून ठेवायचा. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. हा तर चांगला पाना घेऊन बसला होता.

गाडीखालून बोलायला धीर लागत नाही, हे त्याला तिथं कळलं. वर ती, खाली तो, मध्ये पत्रा. समोर उभं राहून जे ओठावर यायचं नाही, ते उताणं पडल्यावर सहज यायचं.

"रंग कुठला देणार?" ती विचारायची.

"तुमाला कुठला आवडतो?"

"गाडी तुमची, आवड माझी कशाला?"

"बसणार कोण हाय तिच्यात?"

 वर पेडल उगाचच दोनदा दाबलं जायचं, कुणी न सांगता. खाली ऋषिराज तेलकट तोंडाने एकटाच हसायचा. कधी ती पेढे आणायची. त्याचे हात तेलाचे, म्हणून वाकून, नजर दुसरीकडेच ठेवून, पेढा त्याच्या तोंडात टाकायची. मग आठवडाभर उसाला पाणी देताना त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

असं करता करता दसरा आला आणि गेला. एका शनिवारी ती पेडल दाबून धरत म्हणाली, "पुढच्या रविवारी पाहुणे येणारेत घरी. बघायला... इंदापूरचे. मुलगा तलाठी आहे."

खाली पाना थांबला.

"मग?"

"मग काय... पसंत पडलं, तर दिवाळीनंतर लग्न."

"आन् तुमाला पसंत हाय?"

"मला अजून कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. पेडल तसंच दाबून धरलेलं. 

आणि हा शहाणा काय बोलला? "सोडा पेडल."

ती गेली. गेणबा गोठ्यातून तरातरा आला. "आरं, शुक्रवारचं तुजं धंदं मला दिसत न्हाईत व्हय? पोरगी एवढी बोलली आन् तू मूग गिळून पडलास! मागितल्याबिगर आई बी जेवाय वाढत न्हाय, बाबा. उद्या तलाठी उचलून नेईल, मंग बस ब्रेक चाटत."

त्या शुक्रवारी ऋषिराजने निपलला हात लावला नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तो भाग निराळा.

शनिवारी ती आली. पेडलवर पाय ठेवला. पेडल अर्ध्यातच टणक लागलं. तिने पुन्हा दाबलं आणि मान वर केली. ऋषिराज गाडीखाली नव्हता. समोर उभा होता, तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आज हवा नाही?"

"न्हाय."

"मग माझं काय काम?"

"मॅडम... ती हवा आपोआप शिरत नव्हती. मीच घालत होतो. तुमी यावं म्हणून." त्याचे कान लाल झाले. "तुमी मला आवडता. लई आवडता. उद्या त्या तलाठ्याला हो म्हणू नका... झालं बोलून."

स्वरूपा हसली, पण डोळे भरून आले होते. "अगंबाई, एवढ्याला अडीच महिने? मला तिसऱ्याच शनिवारी कळलं होतं."

"आँ?"

"हवा जिथून शिरते, तिथून तेल गळतं. तुमच्या चाकामागे एक थेंब नाही. अहो, माझे आबा ट्रॅक्टरचे मिस्त्री आहेत. मी सातवीपासून पेडलवर बसतेय."

"आन् तरी येत होता?"

"माणूस इतक्या मेहनतीने स्वतःची गाडी बिघडवतोय, त्याचं मन कसं मोडू?" मग तिचा आवाज खाली आला. "पण उद्याचं मी एकटी नाही मोडणार. मी नको म्हटलं, की आबा 'का' विचारतील. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. समोर उभं राहून."

"कवा?"

ती सरकून शेजारच्या सीटवर बसली. "आत्ता."

दोन्हीकडे ऊस, मधून रस्ता, आणि चाळीसच्या वर जायची ऋषिराजची छाती होईना. बारामती ओलांडेपर्यंत त्याने विनाकारण दहादा ब्रेक मारला. "लागतात हो ब्रेक," ती म्हणाली, "चला आता." आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर तिने हलकेच हात ठेवला. पुढचे कितीतरी किलोमीटर त्याने गिअर बदललाच नाही.

भवानीनगरला स्वरूपाचे वडील, रामहरी मिस्त्री, दारातच एक ट्रॅक्टर खोलून बसले होते. त्यांनी आधी गाडी बघितली, मग लेक, मग पोरगा. गाडीला एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, आत बसून पेडल दाबलं.

"ब्रेक कुणी केलं?"

"मीच, आबा. कऱ्हाटीचा मी, ऋषिराज."

"किती दिस लागलं?"

"अडीच म्हैने."

"अडीच म्हैने? मला पाऊण तास लागतो!"

"दर शनिवारी करत होतो..." ऋषिराज एक पाऊल पुढे आला.  "आबा, मी स्वरूपाला मागायला आलोय. तिला बी मी पसंत हाय."

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"म्हंजी दर शनिवारी शाळेत मीटिंग हाय, उशीर हुईल म्हणायचीस, ती ही मीटिंग व्हय गं?"

स्वरूपाने मान खाली घालूनच हलवली. मिस्त्री गाडीतून उतरले. सावकाश हात पुसले. ऋषिराजला वाटलं, संपलं सगळं. आणि मिस्त्रींनी घराकडे तोंड करून हाक मारली.

"अगं ए, इंदापूरला फोन लाव! म्हणावं, उद्या येऊ नगासा. आमची पोरगी मीटिंगमधीच ठरवून आली!"