विहिरीतलं अगेन

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि औशाजवळच्या वीरण्णाला शिपाई व्हायचं खूळ लागलं. पावसानं पाठ फिरवलेली, शेतात नुसती ढेकळं. मग नव्या कचेरीत घंटी वाजली की उठायला काय हरकत होती? मुलाखतीपुरते चार इंग्रजी शब्द यावेत म्हणून तो शिवमूर्ती मास्तरांकडे जायचा. त्यातला एकच जिभेवर बसला. अगेन. भाकरी अगेन, चहा अगेन. त्याची बायको महानंदा वैतागायची, पण मनातून तिला कौतुकही होतं.

"अगेन म्हंजे पुन्हा," तो तिला शिकवायचा. "पर आधी येकदा व्हायला पायजे. पैल्यांदा अगेन म्हनत न्हाईत."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी भर दुपारी दोघं विहिरीवर गेली. सकाळी बाया तळातला झरा खरवडून पाणी नेत, दुपारपर्यंत पुन्हा थोडं साचे. वीरण्णा दोर धरून खाली उतरायचा, वाटीनं पोहऱ्यात पाणी भरायचा. महानंदा पोहरा ओढून घागरीत रिकामा करायची. मग खालून हाक यायची, "अगेन!" आणि ती दोर परत सोडायची.

घागर भरली. वीरण्णानं दोर कमरेला बांधला आणि कपारींत पाय देत वर आला. तो काठावरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. महानंदा दोर गुंडाळू लागली.

"अगेन..." विहिरीतून आवाज आला.

त्याचाच आवाज. महानंदा हसली. मग तिच्या लक्षात आलं, लिंबाखालच्यानं तोंडच उघडलं नव्हतं.

"आवं... खाली कोन हाय?"

"कोन असंल? मी तर वर हाय. चल घरी."

"महानंदे, दोर टाक की! पानी चढायलंय..." खालून हाक आली.

इतक्या दुष्काळात पाणी चढतंय? तिनं लिंबाखालच्याकडे नीट पाहिलं. गळ्यात तेच इष्टलिंग होतं, हनुवटीवर तोच तीळ होता. तिचं डोकं चालेना. खाली भूत असेल तर आपणच त्याला वर आणू. आणि नवरा असेल तर?

"अगेन म्हंजे काय, सांगा बरं."

"काय की. तूच सांग."

महानंदानं दोर विहिरीत फेकला. ओझं लागलं. दात-ओठ खात तिनं ओढलं आणि वीरण्णा वर आला, गळ्यापर्यंत ओला, धापा टाकत. ती त्याला बिलगून रडली.

"तुमीच हाव ना ओ?"

"मग कोन?"

"अगेन..." खालून आवाज आला. या वेळी तोंडात पाणी गेल्यासारखा.

ओल्या वीरण्णानं विहिरीकडे कान दिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोन वरडायलंय गं? आन् अगेन म्हंजे काय?"

महानंदाच्या तळहातांची सालटी निघाली होती. तिनं दोर आत सोडला. हा दुसराही लिंबाकडे गेला. पहिल्यानं सरकून त्याला सावलीत जागा करून दिली. विहिरीतल्या दोराला ओझं लागलं, तसे ते दोघेही आणखी थोडे सरकून बसले.