पाणोबाचं पान

चौलला आमची सुपारीची वाडी आहे. मागे विहीर, पुढे शेणाने सारवलेली ओटी, आणि वारा फिरला की रेवदंड्याच्या खाडीचा वास घरात येतो. सिनेमावाल्यांना नेमकी अशीच जागा हवी होती.

सिनेमा पाणोबाचा. पाणोबा म्हणजे गोष्टीच्या पुस्तकातलं पाणमांजर. भर दुपारी खाडीतून येतं, कुणाच्याही ओटीवर बसतं, त्या घरची आई त्याला जेवू घालते आणि शेवटी पोट भरून ते पाण्यात परत जातं. माझ्या जीवनला मी ती पुस्तकं वाचून दाखवायची. पाणोबा जेवल्याशिवाय तो घास घेत नसे. आता त्याच पाणोबाच्या कातड्यात जीवन शिरणार होता. इतका उंच, भरल्या अंगाचा माणूस त्यांना आसपास मिळाला नाही. कितीतरी दिवसांनी त्याच्या हाताला काम लागलं होतं. मी देवापुढे साखर ठेवली.

"काकू, आता पोरांना गोडगोड चालत नाही," दिग्दर्शक प्रणय मला म्हणाला. लाघवी पोरगा, पण आवाज सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. "आमचा पाणोबा चिडलेला आहे. ज्या मुलाबरोबर जेवायचा तो मोठा झाला, विसरून गेला. तेव्हापासून कुणी याला पान वाढलेलं नाही."

"मग वाढा की."

"वाढलं तर सिनेमा कसला, काकू?"

माझा एक नेम आहे. हे गेल्यापासून मी दुपारी एकटी जेवत नाही. ओटीवर केळीचं पान मांडते, भोवती पाणी फिरवते आणि ज्याला बसवायचं त्याला नावाने हाक मारते. पोस्टमन असो, नारळ पाडणारा असो. त्याने तोंडाने 'तृप्त झालो' म्हणायचं, मग पान उचलायचं, मग मी जेवायचं. शूटिंग सुरू झालं तशी मी जीवनलाच हाक मारू लागले.

पोशाखाचं डोकं मागून दोऱ्यांनी आवळलेलं असे. ते उतरवायला पोशाख सांभाळणारा दादू लागायचा. म्हणून जीवन तसाच येऊन बसतो, असं मी धरून चालले. आमटीभात कालवून मी त्या रबरी तोंडात घास भरवायची. घास आत जायचा. चिखलाचा वास यायचा, तो मला खाडीचाच वाटायचा.

"तृप्त?" मी विचारायची. ते मोठं डोकं हलायचं.

तोंडाने म्हणायला हवं होतं. पण पोर दमलेलं, म्हणून मी मानेवर भागवून घेतलं.

मग जीवन वाळायला लागला. आधी गालफडं बसली, मग मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकू लागलं.

"भूक आहे गं आई, पण घास उतरत नाही."

"दुपारी तर पान पुसून जेवतोस."

"दुपारी? दुपारी मी टेम्पोत झोपलेला असतो. विचार दादूला."

मला चेष्टा वाटली. लहानपणापासून खोडकर.

दुसऱ्या दिवशी मी ओटीवर घास भरवत होते आणि मागून, विहिरीकडून, जीवनची हाक आली.

"आई, जरा टॉवेल दे गं."

वळून पाहिलं. माजघराच्या दारातून तो सरळ दिसत होता. बनियनवर, तोंड धुताना.

माझी बोटं त्या तोंडात होती. आत ओलं होतं. ऊब होती.

मी हात काढून घेतला नाही. पानावर बसलेल्याला उठवायचं नसतं. उरलेला भात भरवला.

नंतर टेम्पोपाशी गेले. पोशाख खुंटीला टांगलेला होता, सुका.

"दुपारचा इथंच असतो, मावशी," दादू म्हणाला. "पण पोटाचे टाके रोज ताणलेले दिसतात. आत तर काही नाही. हात घालून बघितलं मी."

दुसऱ्या दिवशी मी पान मांडलंच नाही. जेवणाच्या वेळेला जीवन उभ्याउभ्या कोसळला. अलिबागच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, सगळं तपासलं, काही सापडलं नाही, घरी न्या म्हणाले. घरी आणला तेव्हा हाताला लाकडासारखा लागत होता.

मी ओटीवर पान मांडलं. पाणी फिरवलं. हाक मारली, "जीवन."

पायरीवर ओली पावलं उमटत वर आली. ते बसलं. पहिला घास गेला आणि आत खाटेवर जीवनने डोळे उघडले. डोळेच फक्त.

"तृप्त?"

डोकं आडवं हललं.

तेव्हा मला कळलं. ज्याच्या नावाचं पान, त्याचंच ते खातं. पान नाही तर त्याला धीर नाही, ते जीवनलाच ओरबाडतं; पान आहे तर जीवनला काही उरत नाही.

रात्रभर जप केला. दुपारी आंघोळ करून सोवळ्यात पान मांडलं, पाणी फिरवलं. वाडीच्या टोकाला प्रणय भोंग्यावरून कुणावर तरी ओरडत होता.

मी हळूच हाक मारली, "प्रणय."

ते थबकलं. आवाजाच्या दिशेने मान वळवली. बराच वेळ तिकडे पाहत राहिलं.

मग तोंड उघडलं.

संध्याकाळी जीवनने पेज मागितली.

शूटिंग संपत आलं तेव्हा प्रणयच्या हातात भोंगा राहिला नव्हता. एका दुपारी तो भिंत धरत माझ्याकडे आला. "काकू, बाहेरचं काही उतरत नाही. तुमच्या हातचं द्या ना." मी मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप असं वाढलं. त्याचे डोळे भरून आले.

"आईची आठवण झाली," तो म्हणाला. घास मात्र तोंडातच धरून बसला.

पोशाख टेम्पोत घालून ते मुंबईला गेले. ओटीवर ओली पावलं येतच राहिली.

सिनेमा अलिबागला लागला तेव्हा जीवन मला रात्रीच्या खेळाला घेऊन गेला. पुन्हा पहिल्यासारखा भरला होता. पोरं टाळ्या वाजवत होती. सुरुवातीलाच पडद्यावर प्रणयचा हार घातलेला फोटो आला; त्याच दुपारी गेला होता म्हणे. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी "प्रणय" म्हणून हाक मारली. ते येऊन बसलं, पण तोंड उघडेना. घास पुढे धरून माझा हात दुखायला लागला. आत जीवनच्या हातातून वाटी पडली.

तेवढ्यात शेजारच्या वाडीतली रुचिका मागच्या दाराने आली. खांद्यावर बाळ, अजून मान धरत नव्हतं.

"काकू, रविवारी बारसं आहे. बाळाला आत्या नाही. कानात नाव तुम्हीच सांगायचं. तुमच्यासारखे नेमधर्म कोण पाळतं?"

"सांगेन हो. पण नाव मला आत्ता नको सांगूस."

"तुमच्यापासून कसलं लपवायचं?" ती हसली आणि नाव सांगून मोकळी झाली.

बाळाने माझं बोट घट्ट धरलं होतं. ते मी हलकेच सोडवलं.

"छान आहे," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी ओटीवर आले.

त्या दुपारी जीवनने भात पुन्हा मागून घेतला.