टिटवीवरची दुसरी

टिटवी पुन्हा वाट सोडून चालली होती.

केतकी रांगणेकर डोळे चोळत होकायंत्राकडे बघत राहिली. झोपण्याआधी तिने हे विमान वीस अंशांवर लावलं होतं, थेट रत्नागिरीच्या रोखाने. आता काटा चाळिसावर! खाली हिंदी महासागर, आणि ही बया चाललीय भलतीकडेच. असं तिसऱ्यांदा होत होतं. दोनदा तिने निमूटपणे दिशा सुधारली होती, पण आता तिचं डोकं भणभणलं. यंत्र बिघडलं की आपण?

"डॉक्टर, होकायंत्राला भूत लागलंय," ती रेडिओवर म्हणाली. "मी झोपले की काटा फिरतो."

"भूतबीत काही नाही गं," रत्नागिरीच्या धावपट्टीवरून डॉ. हुद्देदारांचा आवाज आला. "काटा तूच फिरवतेस."

आता घ्या! पण हे समजायला थोडं मागे जावं लागेल. हलक्या विमानातून, एकटीने, कुठेही न उतरता महासागराला तेरा हजार किलोमीटरचा वळसा घालून रत्नागिरीला परतायचं, असा हा विक्रम. म्हणजे साठ-पासष्ट तास. तेवढं जागं राहून विमान हाकणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून मेंदूतज्ज्ञ हुद्देदारांनी अर्धनिद्रा-टोप बनवला. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो आणि उरलेल्या अर्ध्यावर पोहत राहतो, तसंच हे. चार तास डावा मेंदू झोपायचा, चार तास उजवा. एकाच्या जागेपणाने दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून दोघांमधला मज्जासेतू टोप डोक्यावर असेपर्यंत बंद. डाव्याकडे वाचा आणि उजवा हात. उजव्याकडे डावा हात. ऐकलेलं कळायचं, पण बोलता यायचं नाही. त्याची पाळी असली की रेडिओ चार तास गप्प. केतकीला हे सगळं तोंडपाठ होतं. पण त्या उजव्याला ती आजवर एखादं स्वयंचालक यंत्रच समजत आली होती.

"मी कशी फिरवीन? मी झोपले होते!"

"तू झोपली होतीस. ती जागी होती. तिचं तुला कळत नाही, तुझं तिला कळत नाही. तू वीसवर लावतेस, ती चाळीसवर. दोघींनाही वाटतं, आपण नीट लावलेलं कुणीतरी बिघडवलं."

दोन वैमानिक असले की सुकाणू सोडताना एकाने "विमान तुझं" म्हणायचं आणि दुसऱ्याने "माझं" म्हणून ते घ्यायचं, हे उड्डाणशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात. पण ही स्वारी एकटीची! कोण कोणाला सांगणार? म्हणून तेवढंच राहून गेलं होतं.

"पण डॉक्टर, ती म्हणजे मीच ना?"

"टोप काढल्यावर, बहुतेक. आत्ता... नाही सांगता येत, बाई."

या ओढाताणीत इंधनाचा चुराडा झाला होता. रत्नागिरी बारा तासांवर, इंधन अकरा तासांचं.

"मालदीवला उतर," हुद्देदार म्हणाले. "दोन तासांत पोचशील. विक्रम गेला खड्ड्यात."

नऊ वर्षं केतकीने या विमानापायी नोकरी, झोप, सणवार सगळं बाजूला सारलं होतं. तिने नकाशा मांडीवर ओढला आणि थबकली. कडेला पेन्सिलने ढगांच्या रांगा काढल्या होत्या, वाकड्यातिकड्या, डाव्या हाताने. सगळ्या पूर्वेला झुकलेल्या.

"डॉक्टर, पूर्वेला वारा कसा आहे?"

रेडिओवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "अगं, कमाल आहे! तिकडे पाठीवरचा वारा आहे, ताशी चाळीस किलोमीटरचा. तो धरलास तर सव्वादहा तासांत घरी. नुसत्या ढगांवरून ओळखलंय तिने!"

"मग मी तिकडेच नेते."

"पट्टा अरुंद आहे आणि सारखा सरकतोय. माझ्याकडे चित्र येतं तासाभराने. तू आकडे वाचेस्तोवर तो निसटेल. आकार बघणं हे तिचं काम. शेवटपर्यंत तिलाच चालवू दे."

म्हणजे मी झोपायचं. नऊ वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली, ती दुसरीच कुणीतरी बघणार. केतकीला तिचा मत्सर वाटला, सरळसरळ मत्सर. स्वतःचाच मत्सर करायचा म्हणजे काय, हेही तिला कळेना. पण समुद्रात बुडण्यापेक्षा हे बरं.

"विमान तुझं," ती मोठ्याने म्हणाली. हुद्देदारांनी रत्नागिरीतून टोपाची कळ दाबली.

ती जागी झाली तेव्हा समोर लाल माती होती, ऊन होतं, दोरीपलीकडे टाळ्या पिटणारी माणसं होती. इंजिन बंद. पोचलो? कधी? कसं? काही म्हणजे काही आठवेना.

विक्रम मंडळाचे निरीक्षक टेंबे दारापाशी आले. त्यांचा नियम कडक: शपथ होईपर्यंत वैमानिकाला, विमानाला, टोपालाही कुणी हात लावायचा नाही. हुद्देदारसुद्धा दोरीपलीकडेच. विमान थांबताच त्यांनी तिथूनच कळ दाबून दोघींना जागं केलं होतं, पण टोप अजून डोक्यावरच होता.

"बसल्या जागी, तोंडी, मोठ्याने सांगा," टेंबे म्हणाले. "संपूर्ण उड्डाणात विमान तुम्ही, आणि फक्त तुम्हीच चालवलंत?"

शेवटचे दहा तास आणि त्याआधीचा निम्मा प्रवास तिने पाहिलाच नव्हता. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

"साहेब, खरं सांगते, मी एकटी नव्ह..."

डावा हात झटक्यात वर आला आणि त्याने तिचं तोंड गच्च दाबून धरलं.

"बाई, हात काढा. हो की नाही, तेवढंच बोला. पुन्हा विचारणार नाही."

केतकीने उजव्या हाताने तो हात ओढला. निघेना. मग तिला उमगलं. इतका वेळ राबलेल्या त्या मुक्या बाईलाही विक्रम हवा होता, आणि ही बोलकी तो घालवायला निघाली होती.

हो म्हणायला केतकी आता तयार होती. तिच्यासाठी तर नक्कीच. पण टोपामुळे सेतू बंद, आणि तोंडही बंद; हे तिला कळवायचं कसं? हात जरासुद्धा सैल होईना.

टेंबे घड्याळ बघत होते.