मंगळाला हॅलो चालत नाही

मंगळाशी बोलायला मिळालेला तास संपत आला होता, आणि केतकीच्या घरातून मंगळावर आतापर्यंत एकच शब्द गेला होता. तोही दोनदा. हॅलो.

केतकीची आई मंगळावर पाणी शोधायच्या कामावर होती. तिने विचारलं होतं, "इथे अजून दोन वर्षं राहू, की या यानाने परत येऊ? तू सांगशील तसं." उत्तर आजच जायला हवं होतं. उद्यापासून युती (पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये सूर्य येणं). सूर्याच्या गोंगाटात संदेश बुडून जातात, म्हणून पंधरा दिवस बोलणं बंद. यान काही तोवर थांबणार नव्हतं.

पहिलं हॅलो केतकीचं. आबांचा संदेशयंत्रमानव शिस्तू ते पाठवून उत्तर येईपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिला. जायला एकवीस मिनिटं, यायला एकवीस. शेवटी आईचं "हॅलो!" आलं. केतकीने तोंड उघडलं, तोच आत्या पुढे सरसावली.

"थांब गं, मला भाजी टाकायचीय. हॅलो वहिनी, ओळखलंस का?"

शिस्तूने त्यातलं फक्त हॅलो पाठवलं आणि पुन्हा हाताची घडी घातली.

"आता काय झालं?" केतकी ओरडली.

"बोलणारी व्यक्ती बदलली. नवं हॅलो, नव्याने वाट बघणं. प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम) आहे."

"आत्या, तुला न ओळखणारं मंगळावर आहे कोण?"

"विचारायची पद्धत असते," म्हणत आत्या स्वयंपाकघरात गेली.

केतकी ओटीवर धावली. आबा, म्हणजे निवृत्त रेडिओशास्त्रज्ञ, खाडीकडे बघत शेंगा सोलत होते.

"आबा, या हॅलोचा अर्थ तरी काय?"

"अर्थ काहीच नाही. काम मात्र आहे. पलीकडच्या काठावरून होडी बोलवायची तर काय करतेस?"

"ओरडते. 'ओऽऽ तरीवाल्या!' आबा, लवकर सांगा ना!"

"हॅलोचे पणजोबा असेच ओरडायचे. पलीकडच्या नावाड्याला बोलवायची युरोपातली जुनी आरोळी, असं काही अभ्यासक मानतात. आपल्या हाळीसारखी. नातं नाही हं, उगाच शाळेत सांगून माझं नाव घालवशील. मग आला टेलिफोन. सुरुवातीला काही तारा कायमच्या जोडलेल्या, घंटा नाही. पलीकडे माणूस बसलाय की जेवायला गेलाय, कळणार कसं? एक संशोधक म्हणाला, खलाशांसारखं 'अहॉय' म्हणा. दुसरा म्हणाला, 'हॅलो'. हॅलो जिंकलं."

"म्हणजे हॅलो म्हणजे 'आहेस का तिथे?'"

"बरोबर. पण उत्तर लगेच मिळणार असेल तरच तसं विचारण्यात शहाणपण. तारेतून आवाज पापणी लवायच्या आत पोचतो. मंगळ इतका लांब, की प्रकाशाच्या वेगानेसुद्धा एकवीस मिनिटं. एवढ्या लांब आरोळी मारायची नसते, पत्र टाकायचं असतं."

केतकी आत पळाली. "शिस्तू, हॅलोशिवाय पाठव!"

"पलीकडे कुणी नसेल तर?"

"नसू दे. तिथलं यंत्र जपून ठेवेल, आई येऊन ऐकेल."

"हा उद्धटपणा आहे."

"अरे," मागून आबा म्हणाले, "पत्र टाकणारा टपालपेटीला आधी हॅलो म्हणतो का?"

शिस्तू विचार करायला लागला की त्याच्या पोटातला पंखा फिरायचा. आज तो सरकारी कचेरीतल्या पंख्यासारखा फिरत होता. केतकी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

"तसं उदाहरण माझ्या माहितीत नाही," शिस्तूने शेवटी कबूल केलं. हिरवा दिवा लागला.

"आई, परत ये! पाणी सापडलं नसलं तरी ये. मी रडत नाहीये, आत्या कांदा चिरतेय."

दिवा विझला. तास संपला.

पोचलं का? ऐकलं का? सांगायला कुणीच नव्हतं. पंधरा दिवस केतकी अंगणात येरझाऱ्या घालत होती. "सूर्याकडे डोळे वटारू नकोस," आबा म्हणायचे. "त्याला सवय आहे, तुझेच डोळे जातील."

सोळाव्या दिवशी शिस्तू पळत आला. एरवी त्याला पळणं मंजूर नसे. त्याच्या पोटातून आईचा आवाज येत होता.

"केतकी, यानातून बोलतेय. खिडकीत मंगळ वाटाण्याएवढा दिसतोय. तुझ्या उत्तराची वाट न बघता पुढचं सांगते, ऐक..."

आणि ती सांगतच राहिली. ऐकता ऐकता केतकीने बोटं मोजायला घेतली.

"आबा, यान जवळ येईल तसा संदेशाला वेळ कमी लागेल ना?"

"लागेल की. वीस मिनिटांची दहा, दहाची पाच. शेवटी तर पापणी लवायच्या आत."

"मग त्या दिवशी मी हॅलो म्हणेन."

"म्हण," आबा म्हणाले. "पण आत्याच्या आधी."