संगणकातली पहिली जानेवारी

“पुन्हा तेच लाल अक्षर!” पियुषने टेबलावर हात आपटला. “नाईच म्हणून राह्यलं!”

दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता, तरी देवळीच्या शाळेची कम्प्युटर लॅब आठवीतल्या तिघांसाठी उघडी होती. उज्वला, पियुष आणि नयन! नयनच्या बाबांच्या पालकभाजीच्या वाफ्यात ओल कमी झाली की इशाऱ्याची लाइट लावणारं यंत्र त्यांना बनवायचं होतं. कल्पना नयनची, यंत्राचा मेंदू असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्डही त्याचाच. त्या बोर्डाला काम शिकवायची हत्यारं संगणकातल्या लिनक्स प्रणालीच्या इंटरनेटवरच्या भांडारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून, फुकट मिळतात. एक आज्ञा दिली की झालं! पण काल नीट चाललेला संगणक आज भांडारातून काही घ्यायलाच तयार नव्हता.

“थांबा ना, काय लिहिलं आहे ते वाचू द्या,” नयन म्हणाला.

“वाचून काय होते? दाब पुन्हा!” उज्वलाला कुठला आलाय धीर!

तेवढ्यात बबन सर आले. पडद्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “काल शेवटी कोण बसलं होतं यावर?”

“नयन, सर,” उज्वला पटकन म्हणाली.

ते खरंच होतं. खरं बोलल्याचं पाप लागत नाही म्हणतात, पण कधीकधी लागतं. त्यानेच संगणक बिघडवला असं सरांनी ठरवलं आणि नयनला लॅबमध्ये यायची बंदी झाली. “मी काईच नाई केलं, सर!” तो म्हणाला आणि त्याने उज्वलाकडे पाहिलं. ती कीबोर्डकडे बघत बसली.

पुढचे तीन दिवस दोघांनी तीच आज्ञा शंभरदा दिली. चौथ्या दिवशी पियुष किंचाळला, “हे पाय! कोपऱ्यात पह्यली जानेवारी! अन् सालबी किती जुनं!”

आता कुठे उज्वलाने ती लाल अक्षरं शब्दकोश घेऊन वाचली. भांडाराची यादी अजून लागू झालेली नाही, काही हजार दिवसांनी होईल, असं तिथे लिहिलं होतं! संगणक जुन्या काळात अडकला होता. त्याला आजची यादी भविष्यातली वाटत होती, म्हणून तो ती खोटी समजून नाकारत होता. नयन पहिल्याच दिवशी हे वाचू म्हणत होता.

त्यांनी तारीख हाताने नीट केली. तोवर लॅब बंद व्हायची वेळ झाली.

“पण ही तारीख बिघडवते कोण?” पियुष म्हणाला. “आज पाळत ठेवू!”

दोघे बाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे लपले. पाचच्या ठोक्याला शिपाई नत्थूजी आले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

“काका! काऊन बंद केलं?”

“बाप रे! भेवाडलं ना पोट्टेहो!” नत्थूजी दचकले. “सरायनं सांगतलं, सुट्टीत रोज बंद करजो. अन् त्या कम्प्युटरातला सेल मेला आहे, लाइट गेली का तारीख मागं जाते, असं तो दुरुस्तीवाला मागच्या वर्षीच सरायले सांगून गेलता.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी!

सकाळी पाहतात तर खरंच, पुन्हा पहिली जानेवारी! तारीख नीट करून त्यांनी आज्ञा दिली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या. प्रोग्राम तयार करणारं हत्यार आलं, तो बोर्डात उतरवणारं आलं, आणि थोड्याच वेळात बोर्डावरची हिरवी लाइट लुकलुकली!

“लागली! लागली!” ओरडा ऐकून सर धावत आले. उज्वलाने त्यांच्यासमोर मेन स्विच बंद करून चालू केला. पहिली जानेवारी!

सरांचा चेहरा उतरला. “सेल बदलायचा राहूनच गेला. इंटरनेटवरून आपोआप तारीख जुळवायची सोयही मीच बंद केली होती.” मग त्यांनी दोघांची पाठ थोपटली. “शाब्बास! मला जे वर्षभरात जमलं नाही ते तुम्ही केलं. नयनला घेऊन या. मला त्याची माफी मागायची आहे.”

दोघे यंत्र घेऊन नयनच्या घरी पळाले. अंगणात त्याची आई, आनंदाबाई, पालकाच्या जुड्या बांधत बसली होती.

“नयन सकाळच्या बसनं मामाकडे गेला, हिंगणघाटले,” ती म्हणाली. “रोज आंघोळ करून, वही घेऊन दारात बसे. तुमी बोलवाले याल म्हणे.”

तिने फोन लावून दिला. उज्वलाने एका दमात सगळं सांगितलं, माफीसुद्धा मागितली.

“तारीख होती काय?” नयन हसला. मग म्हणाला, “लाइट लागली?”

“लागली. तू ये ना! सगळं पुसतो, पह्यल्यापासून करू.”

“पुसू नको. वाफ्यात लाव. बाबाले लागते.” आणि फोन बंद झाला.

दोघांनी यंत्र अंगणालगतच्या वाफ्यात रोवलं. कोरड्या मातीत लाइट लागली तशी आनंदाबाई हरखली. “गुणाची पोरं हो तुमी! अन् माया पोराचं नाव कोणं सांगतलं सरायले, ते सांगतच नाई कार्टं.”

उज्वलाला रडूच आलं.

“काकू, मीच सांगतलं होतं.”

आनंदाबाईचा हात जुडीवर थांबला. मग तिने ती जुडी बांधली, बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.