बाकावरची दुसरी जागा

भिलाईच्या सेक्टर दोनच्या पलीकडे असलेल्या चर्चची बाग काही मोठी नव्हती. बोगनवेल, चार कडुलिंब, सिमेंटचे सहा बाक आणि फाटकावर पाटी, इथे बोलू नये. कोणत्याही धर्माच्या माणसानं यावं, बसावं, आपल्या देवाशी मनातल्या मनात बोलावं, असं फादर म्हणायचे. माझी त्यातही पंचाईत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हाच देव, भुतं, पिंडदान या सगळ्यांना रामराम ठोकून मी मोकळा झालो होतो.

ते बाक मी आणि माझ्या बहिणीचा नवरा लहानू, आम्ही दोघांनी ओतले. मी गवंडी, तो माझ्या हाताखाली. एकसष्टच्या दिवाळीआधी शेवटचा बाक घोटून झाला, तेव्हा लहानू म्हणाला, "दुर्गहून येतो." गेला, तो आलाच नाही. दवाखाने, बोरसीचे नातेवाईक, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी, सगळं पालथं घातलं.

माझी बहीण शेवंता रोज दुपारी त्याच बाकावर जाऊन बसू लागली. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. पाठची बहीण अशी डोळ्यांदेखत झिजत होती आणि मला काही करता येत नव्हतं. तिच्या सासऱ्यांचं, श्यामरावांचं, भंडाऱ्याहून पत्र आलं: पिंड द्या, पोरीला मोकळी करा. म्हाताऱ्यांच्या अंगातून जुनं लवकर निघत नाही. मी साफ नाही म्हटलं.

भिलाईत तेव्हा सकाळी पुसलेल्या वस्तूवर दुपारपर्यंत कारखान्याची तांबडी धूळ बसायची. मार्चमध्ये बागेची भिंत दुरुस्त करायचं काम मला मिळालं. शेवंता उठून गेली, की बाकावर तिच्या बसण्यापुरती जागा स्वच्छ दिसे. एके दिवशी अशा दोन जागा दिसल्या. दुसरी रुंद होती.

सरकून बसली असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून नजर ठेवली. ती तसूभर हलली नाही. उठली तेव्हा जागा दोनच. मधलं अंतर मी मोजलं, दोन विती. आठवड्यानं एक वीत. मग चार बोटं.

"शेवंता, तुयाजवळ कोन बसते?" घरी मी विचारलं.

"तूच तं म्हनतोस ना भाऊ, कोनी नसते म्हनून." ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि मला ते हसणं आवडलं नाही.

फादरना गाठलं. ते केरळचे, हिंदी मोडकीतोडकी. "मिस्त्री, वो बेंच हम नहीं पोंछता," एवढंच म्हणाले. मी "क्यों?" विचारलं, तर पाटीकडे बोट दाखवून आत गेले.

त्या दुपारी शेवंता गेल्यावर मी बाकासमोर उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नाही हे दोनदा पाहिलं. मग पाटीची पर्वा केली नाही आणि दीक्षेचीही नाही.

"लहानू, एकच बहीन आहे मले. तिले सोड. तू जाय."

बोललो आणि रडू आलं. रिकाम्या बाकापुढे रडताना लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर काम करत असताना शेवंता आपणहून उठली. "चाल भाऊ, घरी जाऊ. भूक लागली मले."

माझ्या हातातली थापी खाली पडली. भूक! ती फाटकाकडे निघाली. मी बाकाकडे धावलो.

एकच जागा होती.

ऐकलं त्यानं. गेला बिचारा. माझे डोळे भरून आले.

सवयीनं वीत लावली.

जागा रुंद होती. लहानूची.

"येऊन राहिला ना भाऊ?" फाटकापासून शेवंतानं हाक मारली.

ती दुपारभर जिथे बसली होती, तिथे धूळ सकाळपासून जशीच्या तशी होती. त्या धुळीवरून एका चिमणीची पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.