इव्हो काकांचे तीन ठोके

खोटं वाटत असेल तर पुढे वाचूच नका. मी तिथे होते. भर दुपारी, ऑस्ट्रेलियाच्या पार आतल्या टिनपॉट नावाच्या उजाड गावात, माझ्या हातात मटणाचं ताट होतं आणि हे घडलं.

ओपल रत्नांच्या खाणी संपल्या तसं गावही संपलं. नाडा मावशी मात्र हलली नाही. तिचे यजमान, इव्हो काका, तरुणपणीच गायब झाले होते. त्यांचा भागीदार क्लेम तेव्हा म्हणाला होता, "शहरात गेला. बाई ठेवलीय त्याने."

गावाने मान डोलावली.

मावशीचं एकच म्हणणं, "मला टाकून गेला असेल तर गेला. पण खरं काय ते कळू दे."

त्या वर्षी जुन्या खाणवाल्यांच्या जेवणाला क्लेम आला. म्हातारा झालेला, पण ऐट तीच.

"अजून इथेच का गं वहिनी? वाट बघतेस त्या बाईवेड्याची?"

मेल्याची जीभ कशी झडली नाही!

मावशीने त्याला मटण वाढलं.

आणि तेवढ्यात...

ठक्. ठक्. ठक्.

आवाज क्लेम आणि काकांच्या खाणीतून येत होता. ती तर कधीचीच बुजलेली. वर नुसता गंजका रहाट उभा होता, दोरसुद्धा नव्हता.

खाणीत खालून तीन ठोके म्हणजे 'माणूस वर घ्या'. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मीही बाबांसाठी रहाट ओढलाय. ठोके ऐकले की विचार करायचा नसतो. हातच धावतात.

क्लेमचे हात धावले.

त्याचं ताट सांडलं. म्हातारा पळत जाऊन रहाटाला भिडला.

"ओढतो! ओढतो रे इव्हो!"

मावशी उठली. "इव्हो तर शहरात आहे ना, क्लेम?"

क्लेम पांढराफटक पडला. हात सोडवू लागला... सुटेनात. दोर नव्हता, तरी रहाट जड फिरत होता. करकर... करकर...

"वहिनी, वाचव गं! ओपलसाठी मीच दोर कापला! मीच खाण बुजवली!"

"मला काय सांगतोस? त्याला सांग. ओढ!"

रहाट थांबला.

मग उलटा गरगरला. क्लेमच्या पायाखालची माती खचली. आम्ही धावलो, पण नुसती धूळ होती.

पोलिसांनी खणलं तेव्हा काकांचा सांगाडा सापडला, हातात ठोकायचा पाना. क्लेम त्यांच्या खाली होता.

खाली! कसा, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

"मला टाकून नव्हता गं गेला," म्हणून मावशी खूप रडली. काकांना पुरलं. क्लेमला त्याच्या पोरांनी नेलं. खाण पुन्हा बुजवली.

तरी दुपारी आम्ही जेवायला बसलो की...

ठक्. ठक्. ठक्.

"क्लेम आहे मेला," मावशी म्हणते. "ठोकू दे. तू जेव."

ती शांतपणे जेवते. माझे हात मात्र रहाटाकडे धावू बघतात... मी ते मांडीखाली दाबून बसते.